गोळ्या घेताना दर वेळी चेक: बंदूक असलेल्यांना काय वाटतं?

सिएराकाठ

मंडळी नमस्कार. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या बाजूला राहतो. सिटिझन झाल्यावर रीतसर एक बारा बोअरची शॉटगन घेतली आणि वीकेंडला क्ले शूटिंगला जातो, म्हणजे मातीच्या तबकड्या हवेत फेकतात त्या फोडायच्या. एका फेरीला २५ काडतुसं लागतात, तीन फेऱ्या झाल्या की तीन डबे संपले. त्यामुळे काडतुसं किराण्यासारखी सारखी भरावी लागतात.

इथला कायदा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रपोझिशन ६३, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन ठरवायचा कायदा, मतदानाला आलं, गॅविन न्यूसम तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि त्यांनीच ते पुढे रेटलं. साधारण ६३ टक्के लोकांनी हो म्हटलं. २०१८ पासून ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या घरपोच येणं बंद झालं, लायसन्सवाल्या दुकानातूनच उचलायच्या. आणि १ जुलै २०१९ पासून गोळ्यांच्या दर खरेदीला बॅकग्राउंड चेक, म्हणजे हा माणूस गोळ्या घ्यायला पात्र आहे का याची सरकारी तपासणी. बंदूक घेतानाचा चेक आणि दहा दिवसांची वाट हे सगळं वेगळं, ते आधीपासून आहेच.

परवा माझा चेक रिजेक्ट झाला. आम्ही घर बदललं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नवीन पत्ता आहे, पण बंदूक घेतली तेव्हाच्या सरकारी नोंदीत जुनाच. दोन्ही जुळत नाहीत म्हणून नकार. काउंटरवरच्या माणसाने ट्रान्झॅक्शन नंबरची पावती हातात दिली, नकाराचं कारण वेबसाइटवर बघा म्हणाला. मागे लाइनीत लोक उभे, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि या देशात माझ्यावर साधं पार्किंगचं तिकीटही नाही.

माझा चेकला विरोध नाही हे आधीच सांगतो. पण ज्याच्याकडे बंदूक कायदेशीर आहे तोच असा अडकत असेल तर याचा उपयोग कुणाला? दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्याकडे बंदूक असेल तर अनुभव सांगा. दोन, नसेल तरी मत सांगा, कारण हे फक्त बंदूकवाल्यांनी ठरवायचं नाही असं मला मनापासून वाटतं.

लोनस्टार_जोशी

ह्यूस्टनहून. आमच्याकडे असलं काही नाही. दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, पैसे द्यायचे. फेडरल कायद्याने रायफल-शॉटगनच्या गोळ्यांना वय १८ आणि पिस्तुलाच्या गोळ्यांना २१, बस. दुकानदाराने गोळ्यांची नोंद ठेवायची हा नियम १९६८ च्या कायद्यात होता, १९८६ मध्ये काढून टाकला, कारण वह्या भरून काही हाती लागत नव्हतं. तुम्ही लोक तीच वही कॉम्प्युटरवर परत लिहिताय.

मेधा_प्लेझंटन

जोशी, मी बंदूक न ठेवणारी, तरी लिहिते. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोत ऑरोरा इथे सिनेमागृहात गोळीबार झाला, १२ माणसं गेली. त्या माणसाने हजारो गोळ्या घरबसल्या ऑनलाइन मागवल्या होत्या आणि एकाही माणसाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये इथेच सॅन बर्नार्डिनोत गोळीबारात १४ जण गेले, त्यानंतर वर्षभरात प्रपोझिशन ६३ आलं. माझी मुलगी शाळेत दर वर्षी लॉकडाऊन ड्रिल करते, म्हणजे बंदूकवाला घुसला तर काय करायचं त्याचा सराव, टेबलाखाली गप्प बसायचं, लाइट बंद, दाराला कडी. पाच वर्षांची होती तेव्हा घरी येऊन मला शिकवलं होतं कसं बसायचं ते. सिएराकाठ यांना लाइनीत उभं राहून वाईट वाटलं ते समजतं, पण मला तो काउंटर हवा आहे.

लोनस्टार_जोशी

मेधाताई, ड्रिलचं वाचून खरंच वाईट वाटलं, माझीही दोन मुलं शाळेत आहेत आणि तीही करतात. पण ऑरोराचा तो माणूस चेकमध्ये पास झाला असता. त्याने बंदुका दुकानातून चेक पास होऊनच घेतल्या होत्या. म्हणजे ज्या घटनेचं नाव घेऊन कायदा करायचा ती घटनाच या कायद्याने थांबत नाही.

मेधा_प्लेझंटन

मान्य, ती थांबली नसती. पण घरगुती हिंसेत कोर्टाची ऑर्डर लागलेला नवरा, ज्याच्याकडे जुनी बंदूक पडून आहे आणि गोळ्या संपल्यात, तो तरी थांबतो की नाही? बंदूक आधी घेतलेली आणि हक्क नंतर गेलेला, अशा माणसाला पकडायची ही एक जागा आहे. मोठी घटना टीव्हीवर दिसते, ही दिसत नाही.

नेमबाज_कोथरूड

खेळाडूंची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून. कॅलिफोर्नियाच्या या कायद्याविरुद्ध केस कुणी केली माहितीये का? किम ऱ्होड. १९९६ ते २०१६ सलग सहा ऑलिंपिकमध्ये सहा पदकं मिळवलेली शॉटगनची खेळाडू. तिच्यासारख्याला एका दिवसात शेकड्यांनी काडतुसं लागतात. बाहेरच्या राज्यात स्पर्धेला गेली आणि तिकडे स्वस्त काडतुसं घेतली तरी परत येताना आणता येत नाहीत, तेही याच कायद्यात आहे.

आपल्याकडे गोळी म्हणजे खेळाडूच्या घरचं बजेट. मी .२२ रायफल मारायचो, क्लबमध्ये गोळ्या मोजून हातात मिळायच्या आणि रिकामी केस परत टाकायची डब्यात. सरावात एक सिरीज वाया गेली की पोटात गोळा यायचा. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण कांबळवाडीसारख्या गावातून तिथवर जायला किती हजार गोळ्या लागतात हे कुणी विचारलं नाही. केंद्राने २०२० मध्ये खेळाडूंसाठी वर्षाची मर्यादा वाढवली, .२२ साठी हजाराची पाच हजार केली, तेव्हा कुठे श्वास घेतला लोकांनी. मर्यादा ठेवा, पण मैदानावर कधी न गेलेल्या माणसाने आकडा ठरवू नये.

देवगडचो

तुमचा वाचून माका नवल वाटला. दर खरेदीला चेक म्हणून तुम्ही कोर्टात गेलात!

आमची गोष्ट ऐका आता. शेतसंरक्षणाचा परवाना, आजोबांच्या वेळची बारा बोअर, आता माझ्या नावावर. परवान्यावर लिहिलेलं असतं एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. दुकान जवळ नाही, तालुका सोडून लांब जावं लागतं, परवाना घेऊन. दुकानदार प्रत्येक काडतूस परवान्याच्या मागे लिहितो, तारीख, नग, सही, शिक्का, आणि त्याच्या रजिस्टरात वेगळं. खडकीच्या सरकारी कारखान्याचं शक्तिमान काडतूस मिळालं तर मिळालं, नाहीतर नाही, आल्यावर या. परवाना नूतनीकरणाला गेलं की मागची काडतुसं कुठे उडवलीत ते सांगा.

आणि एवढं करून उडवतो कुठे? हवेत. आंबा धरला की माकडांची टोळी येते, काजूत रानडुक्कर, हल्ली गवेसुद्धा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, कागद होईपर्यंत भात आडवं झालेलं असतं. म्हणून फक्त बार काढायचा, आवाजाने पळतात. माकडं तर दोन दिवसांनी त्या आवाजालाही भीक घालत नाहीत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, समिती बसते, कुणाला सूट मिळते कुणाला नाही, आणि निवडणुकीच्या तारखा काय डुकरांना कळवायच्या?

गोंयकार_सत्तरी

देवगडचो, अगदी. आमच्या सत्तरीतही हेच. म्हाताऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका आहेत, दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायच्या. त्यांना काडतुसाचा प्रश्न नाही, पण दारू मिळवायचा आहे. मुलगा म्हणतो परवाना सरेंडर करूया, बाप म्हणतो बागायत आधी सरेंडर कर मग बंदूक.

लोनस्टार_जोशी

देवगडचो, तुमची पोस्ट वाचल्यावर मी माझ्या इथल्या मित्रांना भाषांतर करून सांगितली. एकाचाही विश्वास बसेना की शेतकऱ्याला माकड हाकलायला प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो. माझं म्हणणं हेच आहे. आज पाच डॉलरचा चेक, उद्या वर्षाची मर्यादा, परवा परवान्यामागे शिक्का. कायदा पाळणारा माणूसच दर वेळी लाइनीत उभा राहतो.

देवगडचो

जोशीबुवा, माझ्या खांद्यावरून तुमची बंदूक नको. आमच्या तालुक्यात शाळेतली पोरं टेबलाखाली बसायला शिकत नाहीत, तेही लिहा भाषांतरात. मला त्रास होतो तो दुकान लांब आहे याचा आणि कागद हलत नाहीत याचा. काडतूस मोजून मिळू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. गावात दारू पिऊन भांडणारे मी बघितलेत, त्यांच्या हातात मोकळी काडतुसं असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

वरातीमागून

लग्नात हवेत बार काढणारे आमच्या मेरठच्या पोस्टिंगमध्ये बघितले. मंडपात वर कापडाला भोकं, खाली वऱ्हाडी जेवतायत. आपल्या शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आलं ते फार बरं झालं. त्याच बिलात आधी माणशी एकच बंदूक असं होतं, आधी तीन चालायच्या. त्यावर इतका आरडाओरडा झाला, जुनी घराणी, वारशाच्या बंदुका, खेळाडू, सगळे उठले, शेवटी दोनवर आलं. म्हणजे बंदूकवाल्यांची प्रतिक्रिया ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही.

एचवनबी_अजून

प्रश्न विचारू का? मी बे एरियात आहे, ऑफिसचे लोक रेंजवर जाऊया म्हणतात. व्हिसावर असताना गोळ्या घेता येतात का?

सिएराकाठ

@एचवनबी_अजून, थांबा, हे नीट वाचा. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. ते हातात नसताना रेंजवर भाड्याची बंदूक धरणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं आणि ग्रीनकार्डचा सगळा खेळ खलास होईल. ऑफिसच्या मित्रांच्या भरवशावर जाऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. कळकळीने सांगतोय.

एचवनबी_अजून

बाप रे. बोलिंगला जातो.

गिधाडमित्र

विषय थोडा बाजूला जातोय पण गोळ्यांवरच्या बंधनांबद्दल चाललंय म्हणून लिहितो. १ जुलै २०१९, ज्या दिवशी तुमचा चेक सुरू झाला, त्याच दिवसापासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. कारण कॉन्डॉर, म्हणजे तिथलं मोठं गिधाड. १९८२ मध्ये जगात २२ उरले होते. शिकारी हरणाची आतडी जंगलात टाकून जातो, त्यात शिशाचे बारीक कण, कॉन्डॉर ते खातो आणि विषबाधेने मरतो. तेव्हाही बंदूकवाले खूप चिडले होते, तांब्याच्या गोळ्या महाग, मिळत नाहीत, नेम बदलतो वगैरे.

आपल्याकडे गिधाडं डायक्लोफिनॅक या जनावरांना देत असलेल्या दुखण्यावरच्या औषधाने गेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडं राखली, तिथे उंच झाडावरच्या घरट्यात पिल्लू बघितलंय मी दुर्बिणीतून, मान आत ओढून बसलेलं, आणि खाली गावातली पोरं आवाज न करता उभी. औषधावरची बंदी शेतकऱ्याला जड गेली असेल, पण पक्षी राहिला. म्हणून सरसकट ‘बंधन म्हणजे छळ’ हे मला पटत नाही.

लोनस्टार_जोशी

गिधाडमित्र, शिकाऱ्यांचंही थोडं श्रेय द्या. बंदुका आणि गोळ्यांवर फेडरल कर आहे, लांब बंदुका आणि गोळ्यांना ११ टक्के, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. मी घेतलेल्या प्रत्येक डब्यातून हरणाला आणि बदकाला पैसे जातात आणि मी ते आनंदाने देतो. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून त्यावर स्वतःचा आणखी ११ टक्के लावला, तो मात्र डोळ्यात खुपतो.

मेधा_प्लेझंटन

तो पैसा हिंसा रोखायच्या कामाला आणि शाळांच्या सुरक्षेला जातो. मला नाही खुपत.

सिअ‍ॅटलची_सून

आमच्या वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये बिल आलं होतं, महिन्याला हजारच गोळ्या विकायच्या, मोठ्या .५० कॅलिबरच्या शंभरच. पास झालं नाही. माझे सासरे (अमेरिकन, ७० च्या पुढे, आयुष्यभर .२२ ने डबे पाडत आलेले) इतके अस्वस्थ झाले की जेवताना बोलेनात. त्यांचं म्हणणं, .२२ ची एक ‘ब्रिक’ म्हणजेच ५०० गोळ्या, नातवंडं दोन आली की एका शनिवारी संपते, आणि पेपरात ‘हजार गोळ्या’ वाचून लोकांना वाटतं हा माणूस युद्धाला निघालाय. मी बंदुकीच्या विरोधात आहे, लग्न झालं तेव्हा त्या कपाटाकडे बघायचीही नाही. पण ते प्रत्येक गोळी मुलांकडून मोजून घेतात, कपाटाची किल्ली खिशात, गोळ्या वेगळ्या कुलपात. अशा माणसाला न विचारता आकडा ठरवला की तो कायमचा दुरावतो, मग चांगल्या कायद्यालाही नाही म्हणतो. आमच्या घरात हे झालंय.

नेमबाज_कोथरूड

सिअ‍ॅटलची_सून, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

डॉ_अनघा

मी इमर्जन्सीत काम करते, राज्य सांगत नाही. सगळे गुन्हेगार आणि वेडे यांच्याबद्दल बोलतायत. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्या माणसाचं रेकॉर्ड बहुतेक वेळा स्वच्छ असतं, चेक पास होतो. पण तो विचार बऱ्याचदा काही तासांचा असतो आणि मध्ये थोडा वेळ गेला तर माणूस वाचतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मला गोळी आणि बंदूक यांच्यातलं अंतर महत्त्वाचं वाटतं, मग ते कुलपाचं असो, काउंटरचं असो, नाहीतर शेजाऱ्याकडे किल्ली देण्याचं. घरात कुणी खचलेलं असेल तर गोळ्या घराबाहेर ठेवा, लाजू नका. भारतात टेली-मानसचा १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ हे मानसिक आधाराचे फोन नंबर आहेत, रात्री-अपरात्री कधीही लागतात.

देवगडचो

डॉक्टर, ह्या लिहिलात ता बरा केलात.

फ्रेस्नोकाका

सिएराकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, मला या राज्यात पस्तीस वर्षं होत आली.

पत्ता जुळत नसेल तर उपाय आहे. राज्याच्या जस्टिस डिपार्टमेंटची बंदूकवाल्यांसाठी ऑनलाइन सिस्टिम आहे, सीफार्स म्हणतात, तिथे जाऊन नोंदीतला पत्ता बदलून घ्यायचा. ड्रायव्हिंग लायसन्सचं खातं वेगळं, हे वेगळं, एकाचा पत्ता बदलला म्हणून दुसऱ्याचा आपोआप बदलत नाही. पावतीवरच्या नंबराने नकाराचं कारणही तिथेच दिसतं. घाई असेल तर ‘बेसिक’ चेक करता येतो, १९ डॉलर पडतात आणि उत्तर यायला दिवस लागतात, आणि ते एकाच खरेदीला चालतं. नेहमीचा चेक एक डॉलरचा होता, आता पाच झालाय.

माझं दुखणं वेगळं होतं. लांब बंदुकांच्या विक्रीची नोंद राज्याने २०१४ पासून ठेवायला सुरुवात केली. माझी शॉटगन त्याच्या कितीतरी आधीची, दुकानातून रीतसर घेतलेली, पण सिस्टिमच्या हिशेबी माझ्याकडे बंदूकच नाही. शेवटी फॉर्म भरून नोंद करवून घेतली, मग सुरळीत. माझ्या शेतकरी शीख मित्राकडे ‘फेडरल लिमिट्स अ‍ॅप्लाय’ (फेडरल कामांना ओळखपत्र म्हणून न चालणारं) लिहिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, त्याला पासपोर्ट बरोबर न्यावा लागायचा. जन्म इथला त्याचा!

कोर्टाचं सांगायचं तर, सॅन डिएगोचे जज रॉजर बेनिटेझ यांनी २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये हा चेक घटनाबाह्य ठरवला, दोन्ही वेळा वरच्या कोर्टाने स्थगिती दिली. जुलै २०२५ मध्ये नाइन्थ सर्किट या वरच्या कोर्टाच्या तीन जजांनी दोन विरुद्ध एक असं बेनिटेझ यांच्या बाजूने म्हटलं, मग राज्य मोठ्या बेंचकडे गेलं. तुम्ही दुकानात जाल तेव्हा चेक चालूच आहे असं धरून जा.

सिएराकाठ

काका, फार उपकार. सीफार्सवर आजच अर्ज टाकला.

सगळ्यांचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालंय. मेधाताई म्हणतात तो काउंटर मलाही हवा आहे, आणि डॉक्टरांचं वाचल्यावर जास्तच. पण पहिल्या सहासात महिन्यांत साधारण सहापैकी एकाला नकार मिळत होता, आणि त्यातले बहुतेक कागद न जुळल्यामुळे, खरोखर बंदी असलेले त्यात अगदी थोडे. सहातला एक माणूस विनाकारण परत जातो तेव्हा तो घरी जाऊन कायद्याला शिव्या देतो आणि पुढच्या मतदानाला जोशींच्या बाजूला जातो. राज्याने दोन खात्यांचे पत्ते जोडावेत, २०१४ च्या आधीच्या बंदुकांची नोंद फुकट आणि सोपी करावी, खेळाडूंना रेंजसाठी वेगळी सोय द्यावी. यासाठी माझ्या असेंब्ली मेंबरला पत्र लिहितोय. इथे कुणी सह्या देणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बंदूक असो वा नसो.

लोनस्टार_जोशी

मी टेक्सासचा, माझी सही चालणार नाही. चालली असती तरी चेक काढा अशा पत्रावर केली असती. पत्ते जोडायला मात्र माझा पाठिंबा आहे.

मेधा_प्लेझंटन

माझी घ्या. व्यनि केलाय.

न्यूयॉर्कचे_तात्या

उशिरा आलो. आमच्याकडे सप्टेंबर २०२३ पासून गोळ्यांना चेक आहे, स्टेट पोलीस करतात, दर वेळी अडीच डॉलर. पत्राचा मसुदा झाला की इथे टाका, आमच्या मंडळातल्या रेंजवर जाणाऱ्यांना दाखवतो. त्यातल्या दोघांचं नाव लायसन्सवर वडिलांच्या नावासकट आहे आणि पासपोर्टवर नाही, त्यांचा किस्सा वेगळाच आहे, त्यांनाच लिहायला सांगतो.